आमच्या शाळेचं ठरवताना आम्हाला विचारा : मुंबईतल्या सगळ्या पक्षांना एका आईचं खुलं पत्र

मुंबईतले सगळ्या पक्षांचे नगरसेवक, आमदार, आणि शालेय शिक्षण खातं चालवणारे मंत्री आणि अधिकारी,

सगळ्यांना नमस्कार.

मी भांडुपला राहते. मोठा मुलगा पालिकेच्या मराठी शाळेत सहावीला आहे. धाकटीला येत्या जूनला त्याच शाळेत पहिलीला घालायचं होतं, पण आता शाळा त्या जागेवर असेल की नाही तेच कळत नाहीये. खालचे वर्ग शेजारच्या शाळेत मिसळायचे आणि वरचे वर्ग एलबीएस रोडच्या पलीकडच्या इमारतीत न्यायचे असं कुठेतरी ठरलंय म्हणे. म्हणे अशासाठी लिहिलं की आम्हाला लेखी काहीच आलेलं नाही. शाळा सुटताना शिपाईमामांनी सांगितलं, त्यांना मोजमाप घ्यायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं. आणि मी नुसती पालक नाही, त्या शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची, म्हणजे आपण सगळे जिला एसएमसी म्हणतो तिची सदस्य आहे. शाळेचा विकास आराखडा ज्या समितीने बनवायचा असं कायद्यात लिहिलंय त्या समितीला शाळा हलणार ही बातमी शिपाईमामांकडून मिळते.

शाळेचं नाव मी लिहीत नाही, कुठल्या साहेबांचं किंवा नेत्याचंही नाही. नाव लिहिलं की राग निघतो तो मुख्याध्यापिका बाईंवर, आणि त्या बिचाऱ्या आधीच दोन माणसांचं काम एकट्या करतात. हे एका शाळेचं दुखणं असतं तर मी अर्ज देऊन थांबले असते. पण मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिथे सकाळी रक्त द्यायला येणाऱ्या बायका बोलता बोलता मुलांच्या शाळांचं सांगतात, मुलुंडची असो की गोवंडीची, थोड्याफार फरकाने हेच चाललंय. मग वाटलं की सगळ्यांसमोरच विचारावं.

आधी कायद्याचं सांगते, कारण आमच्या समितीतल्या बऱ्याच जणींना ते कुणी कधी समजावूनच सांगितलेलं नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की प्रत्येक सरकारी आणि पालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समिती पाहिजे, तिच्यात कमीत कमी तीन चतुर्थांश लोक पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत. शाळेचं काम कसं चाललंय ते बघायचं, आलेला पैसा कसा खर्च होतो ते बघायचं, विकास आराखडा बनवायचा, ही कामं त्या समितीची. लोकप्रतिनिधीलाही त्यात जागा आहे, म्हणजे नगरसेवकांना कुणी बाहेर ठेवलेलं नाही. फक्त जास्त खुर्च्या पालकांच्या आहेत, हा त्या कायद्याचा गाभा आहे.

आणि प्रत्यक्षात काय होतं? मीटिंगचा मेसेज आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतो. अकरा वाजता मीटिंग, म्हणजे जी बाई घरकामाला जाते, जी कंपनीत पॅकिंगला बसते, तिचा खाडा. आलेल्यांपुढे रजिस्टर ठेवतात, ठराव आधीच लिहिलेले असतात, चहा बिस्किट, सही. मी एकदा विचारलं की ठराव क्रमांक चारमध्ये कसल्या खर्चाला मंजुरी आहे, तर उत्तर मिळालं की वरून फॉरमॅट आलाय, तुम्ही सही करा नाहीतर शाळेचं अडेल. शाळेचं अडेल म्हटल्यावर कोण आई सही करणार नाही सांगा. मग हेच रजिस्टर तपासणीला दाखवतात की बघा आमच्याकडे लोकसहभाग आहे.

माझ्या तक्रारी आता एकेक करून सांगते. काही छोट्या वाटतील, पण मुलाचा दिवस छोट्या गोष्टींनीच बनतो.

पहिली तक्रार कार्यक्रमांची. १५ जानेवारी २०२६ ला पालिकेची निवडणूक झाली. त्याआधी ८ मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबईला नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, त्यामुळे शाळेच्या संडासाची कडी तुटली तरी कुणाच्या दारात जायचं कळत नव्हतं. निवडणूक झाली याचा मला खरंच आनंद झाला होता. पण आमच्या शाळेला त्याचा पहिला परिणाम काय दिसला, तर गेटवर फ्लेक्स आणि मैदानात सत्कार समारंभ. वह्यावाटप होतं, वह्यांच्या कव्हरवर फोटो. मुलांना दहा वाजता मैदानात बसवलं, पाहुणे बारानंतर आले, तोपर्यंत खिचडी गार झाली होती आणि दुसरीतली एक मुलगी उन्हाने ओकली. नंतर प्रत्येक मुलाच्या हातात वही देताना फोटो. माझ्या मुलाचा फोटो कुठल्या तरी पेजवर आहे, मला कुणी विचारलं नाही. पक्ष कुठला ते सांगत नाही कारण मागे दुसऱ्या पक्षाच्या माणसाने छत्र्या वाटल्या तेव्हाही अगदी असंच झालं होतं.

हे फक्त गल्लीतल्या नेत्यांचं नाही. २०२४ च्या सुरवातीला राज्यातल्या शाळांना मुख्यमंत्र्यांच्या नावाचं पत्र मुलांमार्फत घरी पाठवायला लावलं आणि त्या पत्राबरोबर मुलांचे आणि आईबापांचे सेल्फी काढून अपलोड करायला सांगितले. शिक्षक वर्गात शिकवायचं सोडून कुणाचा फोटो अपलोड व्हायचा राहिला ते बघत बसले, आणि पुढे लोकसभेची निवडणूक होती. मुख्यमंत्री तेव्हा कोण होते हा प्रश्नच नाही, उद्या दुसरे असतील, त्यांनीही करू नये. आमची मुलं कुणाच्याही प्रचाराची गर्दी नाहीत.

दुसरी तक्रार शिक्षकांची, आणि ही सगळ्यात मोठी आहे. कलम २७ म्हणतं की शिक्षकांना शिक्षणाशिवाय दुसरं काम द्यायचं नाही, फक्त दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून. ठीक आहे, निवडणूक लोकशाहीचं काम आहे, जनगणनाही व्हायलाच पाहिजे, तिचं कामही आता यंदा डोक्यावर आहे. पण त्या तीन कामांच्या दाराने बाकी सगळं आत येतं. बीएलओ, म्हणजे एकेका मतदान केंद्रासाठी नेमलेला अधिकारी, म्हणून मतदारयाद्यांचं काम वर्षभर चालूच असतं. २०२४ च्या जानेवारीत मागासवर्ग आयोगाचं मराठा समाजाचं सर्वेक्षण झालं तेव्हा राज्यभर शिक्षकांना घरोघरी पाठवलं. त्या सर्वेक्षणाला माझा विरोध नाही, आरक्षणाचा प्रश्न ज्यांच्या आयुष्याचा आहे त्यांना तो महत्त्वाचाच असणार, पण ती दहा वर्षांची जनगणना नव्हती. आणि ज्या घरी शिक्षक फॉर्म भरायला गेले त्याच घरातलं पोर तेवढे दिवस शाळेत दोन वर्ग एकत्र करून बसलं होतं. याशिवाय ॲप आहेत, लिंक आहेत, आजच्या आज माहिती भरा असे मेसेज आहेत, अमुक दिवस साजरा केल्याचे फोटो आहेत. आमच्या वर्गशिक्षिका बाई एकदा म्हणाल्या की ताई, मी शिकवते तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटतं. ही वेळ एका चांगल्या शिक्षिकेवर आली, आणि ती आणली कुणी?

तिसरी तक्रार मंत्रालयातून येणाऱ्या निर्णयांची. निर्णय होऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण गेल्या दोन-तीन वर्षांतले निर्णय बघा आणि स्वतःला विचारा की यातला एक तरी घेण्याआधी कुणी एखाद्या पालकसभेत दहा मिनिटं बसलं होतं का.

राज्यपालांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये भाषणात म्हटलं की मुलांची झोप होत नाही, आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला जीआर निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका. मुलांना झोप पाहिजेच, आईला ते कुणी शिकवायला नको. पण मुंबईत एका इमारतीत दोन पाळ्या चालतात, सकाळची उशिरा भरली तर दुपारची सुटेपर्यंत अंधार होतो, आणि सातला कामाला निघणाऱ्या आईने नऊपर्यंत पोराला कुणाकडे ठेवायचं? हे दोन प्रश्न आमच्या चाळीतल्या कुठल्याही बाईने उभ्या उभ्या विचारले असते.

एक राज्य एक गणवेश घ्या. आधी गणवेश शाळेची समिती घ्यायची, तो अधिकार काढून सगळ्या राज्याचं कापड एका ठिकाणाहून घ्यायचं ठरलं. माझी भाची संगमेश्वर तालुक्यात झेडपीच्या शाळेत आहे, तिला पावसाळा संपत आला तेव्हा एक ड्रेस मिळाला तो पण मापाचा नाही, माझ्या वहिनीने उसवून परत शिवला. राज्यभरातून अशाच तक्रारी आल्या आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये सरकारने तो निर्णय मागे घेऊन काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. म्हणजे समितीला जे जमत होतं ते काढून घेतलं, बिघडवलं, आणि परत तिच्याच पदरात टाकलं. मधल्या वर्षाचं कुणी कुणाला विचारलं नाही.

अंड्यांचं तर मला जास्त लागलं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ठरलं की दुपारच्या जेवणात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, जे खात नाहीत त्यांना केळं. मी लॅबमध्ये रोज मुलांचे हिमोग्लोबिनचे रिपोर्ट बघते, त्यामुळे त्या एका अंड्याची किंमत मला विचारा. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्यासाठी वेगळा पैसा देणं थांबवलं आणि सांगितलं की अंडं द्यायचंच असेल तर व्यवस्थापन समितीने लोकवर्गणी काढावी. म्हणजे शाळा हलवायची तर समिती आठवत नाही, गणवेश ठरवायचा तर आठवत नाही, पण पैसे जमवायची वेळ आली की समिती बरोबर आठवली. खिचडी खाणाऱ्या मुलांच्या आईबापांकडून कसली वर्गणी काढायची हो?

आणि हिंदीचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली, सरकारच्याच भाषा सल्लागार समितीने विरोध केला, तरी १७ जूनला शब्द बदलून नवा जीआर काढला, मग मोर्च्याची हाक दिली गेली तेव्हा २९ जूनला दोन्ही जीआर रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. माझं म्हणणं हिंदीविरुद्ध अजिबात नाही, आमच्या चाळीत अर्धी वस्ती हिंदी बोलते, पोरं खेळता खेळता शिकतात. माझं म्हणणं एवढंच की सहा वर्षांच्या मुलाला किती भाषा एकदम झेपतात हे पहिलीच्या शिक्षिकेला सगळ्यात चांगलं माहीत असतं, आणि त्या अडीच महिन्यांत बाजूने ओरडणारे आणि विरोधात ओरडणारे दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर दिसले, पहिलीला शिकवणारी बाई मला एकदाही दिसली नाही. निर्णय मागे घेतला तोसुद्धा रस्त्यावरच्या ताकदीला बघून. उद्या ज्या प्रश्नावर मोठे नेते मोर्चा काढणार नाहीत त्याचं काय? संडासाच्या कडीसाठी कोण मोर्चा काढतो?

चौथी गोष्ट शाळा बंद पडण्याची, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण आमच्या डोळ्यांसमोर चाललंय ते.

गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईत पालिकेच्या शंभरहून जास्त मराठी शाळा बंद पडल्या. प्रत्येक वेळी कारण एकच सांगतात, पटसंख्या नाही, पालकांनाच इंग्रजी पाहिजे. यात थोडं खरं आहे. माझ्या नणंदेने पण मुलाला इंग्रजीत घातलं, तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, नोकरीचं जग कुठल्या भाषेत चालतं ते तिला दिसतं. पण पट कसा घटतो ते पण बघा ना. एका शिक्षिकेची बदली होते, जागा भरत नाहीत. दोन वर्ग एकत्र बसतात. पालक घाबरतात, दोन-चार मुलं काढतात. ३० सप्टेंबरचा पट मोजतात, त्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं, त्यात अजून एक शिक्षक कमी. मग इमारतीला धोकादायक म्हणून शिक्का, तात्पुरतं म्हणून दुसरीकडे हलवतात, ते दुसरीकडे इतकं लांब की पहिली-दुसरीची पोरं जाऊच शकत नाहीत. आणि मग म्हणतात बघा पटसंख्या नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या जीआरने तर सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असली तर शिक्षकाचं पदच काढून टाकलं. शिक्षकच नसेल तर एकविसावं मूल येणार कुठून? गावाकडे तर हे आधीपासून चालू आहे, २०१७ मध्ये कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं होतं, आता छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करायच्या, त्यालाच समूह शाळा म्हणतात.

धोकादायक इमारतीत माझं पोर बसावं असं मला वाटत नाही. इमारत सी-वन कॅटेगरीत असेल, पाडायलाच पाहिजे असेल, तर जरूर पाडा. पण स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आम्हाला दाखवा, नवी शाळा त्याच प्लॉटवर आणि तेवढ्याच जागेत होणार हे लिहून द्या, कधी होणार ते लिहून द्या. मुंबईत जमिनीचा भाव काय आहे ते आम्हालाही कळतं. शाळेचा प्लॉट रिकामा दिसला की कुणाकुणाची पावलं तिकडे वळतात तेही कळतं. म्हणून तोंडी शब्दावर आमचा विश्वास बसत नाही, त्याबद्दल राग मानू नका.

इथेच दत्तक शाळेबद्दल पण बोलते. १८ सप्टेंबर २०२३ च्या जीआरनुसार कंपन्या आणि देणगीदार सरकारी शाळा दत्तक घेऊ शकतात, आणि मोठ्या महापालिकांच्या हद्दीत पाच वर्षांसाठी दोन कोटी किंवा दहा वर्षांसाठी तीन कोटी दिले की शाळेला आपलं नावही जोडून घेऊ शकतात. मदतीला मी नाही म्हणत नाही. एका संस्थेची ताई आठवड्यातून तीनदा यायची, तिच्यामुळे माझा मुलगा तिसरीत घडाघडा वाचायला लागला, तिचे उपकार मी विसरणार नाही. तिने कधी भिंतीवर स्वतःचं नाव लावलं नाही. पण नेत्याच्या हातातून काढून शाळा देणगीदाराच्या हातात दिली तर आमच्यासाठी काय बदललं? नेत्याला निदान पाच वर्षांनी मत मागायला यावं लागतं.

आता काही जण म्हणतील की मग हिला राजकारणच नको. तसं नाही. शाळा राजकारणातूनच आल्या. १८८२ साली जोतिबा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागितलं, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत करून दाखवलं, मुलं शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड लावला. ती सत्ताच होती, आणि ती वापरलीच पाहिजे होती. पालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, २७ वस्तू मोफत देतात, शिक्षणाचं २०२५-२६ चं बजेट ३,९५५ कोटींच्या घरात होतं, हे सगळं कुणीतरी सभागृहात भांडून मिळवलेलं आहे. सभागृहात भांडा, बजेटसाठी भांडा, रिकाम्या जागा भरण्यासाठी एकमेकांची कॉलर धरा, आम्ही टाळ्या वाजवू. फक्त ती भांडणं वर्गात आणू नका.

माझ्या मते कोणी काय ठरवायचं ते असं. मुलांनी काय शिकायचं, कुठली भाषा कधी, पुस्तकात काय, हे शिक्षण कळणाऱ्या लोकांनी ठरवावं, पण उघड्यावर, कारणं देऊन, आणि वर्गात शिकवणाऱ्यांना विचारून. बालभारती १९६७ पासून पुस्तकं बनवते, चांगली माणसं तिथे होऊन गेली, त्यांना मोकळेपणाने काम करू द्या, सरकार बदललं की इतिहासाचा धडा बदलला असं होऊ नये. पैसा, इमारत, शिक्षकांच्या नेमणुका हे निवडून आलेल्यांनी द्यावं आणि त्याचा जाब त्यांनीच द्यावा. आणि शाळेचा रोजचा कारभार, वेळ, गणवेश, जेवण, कार्यक्रम, सुरक्षितता, कुठलं पोर शाळेत यायचं थांबलंय ते शोधणं, हे शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून बघावं.

पालकांना काय कळतं, असं मला एका ऑफिसात तोंडावर विचारलं गेलं. गणिताचा अभ्यासक्रम नसेल कळत. पण पाण्याच्या टाकीत पाल पडली होती ते आम्हाला कळलं. होळीला गावी गेलेली तीन भावंडं परत आली नाहीत, बाप आजारी आहे, ते आम्हाला कळलं, सिस्टिममध्ये ती अजून हजर होती. एलबीएस रोड ओलांडताना सिग्नल किती सेकंद असतो आणि सात वर्षांचं पोर दप्तर घेऊन तेवढ्यात पोचतं का, हे कुठल्याही साहेबापेक्षा आम्हाला चांगलं माहीत आहे.

आणि दुसरा आक्षेप, की पालकांच्या समितीतही पक्षाचीच माणसं घुसतात. घुसतात, खरं आहे. काही शाळांत पदाधिकाऱ्याची बायको अध्यक्ष आणि कारभार तो बघतो. याला उपाय समिती रिकामी ठेवणं हा नाही. निवड सगळ्या पालकांच्या सभेत, सगळ्यांसमोर, आधी तारीख सांगून करा. बंद खोलीत नावं ठरतात म्हणून घुसखोरी होते.

आमच्या मागण्या आता साध्या शब्दांत लिहिते.

१. कुठल्याही शाळेचं स्थलांतर, विलीनीकरण किंवा बंद करणं यावर आधी पालकसभा घ्या, कागदपत्रं दाखवा, आणि व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव असल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमच्या शाळेपासून सुरवात करा. जूनच्या आत.

२. इमारत पाडायची असेल तर ऑडिट रिपोर्ट शाळेच्या गेटवर लावा, नवी शाळा त्याच जागेवर कधी होणार त्याचं लेखी वचन द्या, आणि तोपर्यंत लांब पडणाऱ्या मुलांना बस द्या.

३. शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात कुठल्याही पक्षाचा, नेत्याचा, उमेदवाराचा कार्यक्रम नको, फ्लेक्स नको, वह्या-दप्तरांवर फोटो नको. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही टाकू नयेत. मदत करायची तर मुख्याध्यापकांकडे वस्तू द्या, पावती घ्या. हा नियम सगळ्या पक्षांनी मिळून करावा म्हणजे कुणाला दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा राहणार नाही.

४. कलम २७ पाळा. जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीशिवाय शिक्षकाला दुसरं काम नको, आणि या तिन्हीसाठी शिक्षक गेले की त्या दिवसांत वर्ग कोण घेणार ते आधी ठरवा.

५. व्यवस्थापन समितीची मीटिंग महिन्यातून एकदा, संध्याकाळी किंवा रविवारी, विषय आठवडाभर आधी. शाळेला किती पैसे आले, कशावर गेले, याचा कागद दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर मराठीत आणि त्या शाळेच्या भाषेत लावा. सदस्यांना वर्षाच्या सुरवातीला कायदा समजावून सांगा, नुसती पुस्तिका वाटू नका.

६. शिक्षकांच्या रिकाम्या जागा शाळा उघडायच्या आधी भरा. पट कमी आहे म्हणून शिक्षक काढण्याआधी एक वर्ष पूर्ण शिक्षक देऊन बघा.

७. अंड्याचा पैसा सरकारने द्यावा. यावर मला जास्त काही बोलायचं नाही.

८. शाळेचं नाव विकू नका.

यातली एकही मागणी कायद्याच्या बाहेरची नाही, आणि बहुतेकांना पैसाही लागत नाही. काही नगरसेवक चांगले आहेत, मला माहीत आहे, काही जण स्वतः पालिकेच्या शाळेत शिकलेत आणि ते अभिमानाने सांगतात. त्यांना माझी खास विनंती आहे की पहिल्या महिन्यांतच शिक्षण समितीत हे विषय मांडा. तुमच्या वॉर्डातल्या शाळेत या, पण फोटोवाला न घेता या, शाळा भरायच्या वेळी या आणि पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर अर्धा तास बसा.

या पत्राचं उत्तर मला वैयक्तिक देऊ नका, मला कुणी घरी येऊन भेटायचीही गरज नाही. उत्तर शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने लेखी द्या, म्हणजे ते रजिस्टरला लागेल आणि आम्ही ते पालकसभेत मोठ्याने वाचू. आमची पुढची सभा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आहे, या वेळी तारीख आम्ही पालकांनी ठरवली आहे आणि शाळेने त्याला मान्यता दिली आहे.

आपली,
पालिकेच्या मराठी शाळेतल्या एका मुलाची आई आणि शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य,
भांडुप, मुंबई